वैयावृत्त्य एकट्याचे नव्हे

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत व्यापारवृद्धी, करआकारणी, बाजारपेठेतील अडचणी आणि समाजातील विद्यार्थ्यांचे यश या विषयांवर दरवर्षी लेखन होते, आणि ते योग्यच आहे. या वर्षी मात्र दुकानातील नव्हे, तर घराच्या उंबरठ्याच्या आत चाललेल्या एका गोष्टीकडे सभासदबंधूंचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे लक्ष वेधण्याची आम्ही अनुज्ञा घेतो. ती गोष्ट म्हणजे घरातील वृद्ध व अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची सेवा, आणि विशेषतः ती सेवा करणाऱ्या व्यक्तीची स्थिती. वृद्धांविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांची सेवा करणाऱ्यांविषयी फार थोडे.

आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव या भागांतून व्यापारानिमित्त हैदराबादेस आले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि हे शहर एकाच राज्यात होते. त्यामुळे ते येणे म्हणजे परमुलखात जाणे नव्हते. जुन्या बाजारांतील घरांत तीन-तीन पिढ्या एकत्र नांदत. आजोबा आजारी पडले, तर उशाशी बसण्यास एक नात, औषध आणण्यास एक पुतण्या आणि रात्री जागण्यास एखादी विधवा आत्या असे. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्या आत्याला कोणी विचारले नव्हते, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु हात पुष्कळ होते, एवढे खरे.

आज दिलसुखनगर, सरूरनगर, चैतन्यपुरी, मलकपेट या भागांत आपली घरे आहेत. जेथे एकेकाळी शेते होती, तेथे कापडाची, दागिन्यांची, भांड्यांची दुकाने ओळीने उभी आहेत. २०१८ पासून त्यांच्या डोक्यावरून मेट्रो धावते. घरे तीन खोल्यांची झाली. एक मुलगा बंगळूरला, दुसरा अमेरिकेत, मुलगी पुण्यास. दुसऱ्या बाजूने, स्वातंत्र्याच्या वेळी या देशात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीस पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या १० कोटींहून अधिक आढळली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार, स्मृती व बुद्धी क्षीण करणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या विकाराने साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीय ग्रस्त आहेत. आयुष्य वाढले, हात कमी झाले. आणि या दोहोंमधील सगळा भार बहुतेक घरांत एकाच व्यक्तीवर येऊन पडला. ती व्यक्ती बहुधा घरातील सून असते, क्वचित अविवाहित कन्या, आणि कित्येकदा स्वतः सत्तरी गाठलेली पत्नी.

येथे आम्ही परोपदेश करीत नसून स्वतःचा दोष सांगत आहोत. आमच्या मातोश्री अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सुमारे चार वर्षे अंथरुणावर होत्या. सकाळी दहा वाजता दुकानी जाण्यापूर्वी आम्ही त्यांच्या चरणी मस्तक ठेवीत असू, आणि रात्री साडेनवास परतल्यावर, “आई, आज बरे आहे ना?” असे विचारीत असू. एवढ्याने पुत्रधर्म पार पडला, अशी आमची समजूत होती. मधल्या साडेअकरा तासांत आणि पुढच्या संपूर्ण रात्री जे घडे, ते आमच्या सौभाग्यवती करीत. अंग पुसणे, मलमूत्र काढणे, चमच्या-चमच्याने भरविणे, कूस पालटणे, आणि तेच तेच प्रश्न पुनःपुन्हा ऐकून घेणे.

एके दिवशी त्या स्वयंपाकघरात घेरी येऊन पडल्या. डॉक्टरांनी रक्तदाब पाहून आम्हांस विचारले, “यांनी सलग रात्रभर झोप शेवटची केव्हा घेतली?” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या तीन दिवस रुग्णालयात होत्या, तेव्हा मातोश्रींची औषधे देणे आमच्याकडे आले. सकाळच्या गोळ्या कोणत्या आणि जेवणानंतरच्या कोणत्या, हे आम्हांस ठाऊक नव्हते. दुकानातील प्रत्येक थानाचा खरेदीभाव तोंडपाठ सांगणारे आम्ही, आईच्या एका गोळीचे नाव सांगू शकलो नाही. दोन वर्षांत सौभाग्यवती पर्युषणातील एकाही प्रवचनास आल्या नव्हत्या, हेही तेव्हाच ध्यानात आले. त्या घरी परतल्यावर आम्ही म्हणालो, “इतका त्रास होत होता, तर सांगितले का नाही?” त्या म्हणाल्या, “विचारले असते, तर सांगितले असते.” त्या उत्तरावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला, आणि हा लेख त्या विचाराचेच फळ होय.

आपला धर्म या विषयावर मौन धारण करीत नाही. तत्त्वार्थसूत्र हा दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असा ग्रंथ. त्यात सहा अंतरंग तपे सांगितली आहेत: प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान. वैयावृत्त्य म्हणजे सेवा. ती स्वाध्यायाच्या आणि ध्यानाच्याही आधी गणली आहे. सेवेस पात्र अशी दहा स्थाने तेथे सांगितली असून त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रोगाने पीडित असणारा हे एक आहे. ही दहा नावे मुख्यतः मुनिसंघासंबंधी आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु जे साधूस भूषण, ते श्रावकास दूषण कसे होईल? मातापित्यांच्या ऋणाविषयी स्थानांगसूत्र तर स्पष्टच आहे. पुत्राने मातापित्यांना सुगंधी तेलांनी मर्दन केले, उत्तम भोजन दिले, आणि जन्मभर खांद्यावर वाहून नेले, तरी ते ऋण फिटत नाही. त्यांच्या चित्तास धर्मात स्थिर करण्यानेच ते फिटते, असा त्याचा आशय आहे. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांनी मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प केला होता, हे आपण दर पर्युषणात कल्पसूत्राच्या वाचनात ऐकतोच.

परंतु ज्या वचनाने आम्हांस खरोखर जागे केले, ते याहून निराळे आहे. आचार्य शिवार्य यांच्या भगवती आराधना या प्राकृत ग्रंथात समाधिमरणाची साधना करणाऱ्या क्षपकाची सेवा कोणी व कशी करावी याचे वर्णन आहे. अशा सेवकांस तेथे निर्यापक म्हणतात. एका क्षपकासाठी किती निर्यापक असावेत? अठ्ठेचाळीस! चौघांनी त्यास उठवावे, बसवावे, कूस पालटावी. चौघांनी धर्मकथा सांगावी. चौघांनी आहाराची, चौघांनी पानाची व्यवस्था पाहावी. चौघांनी मलमूत्र दूर करून शय्या स्वच्छ ठेवावी. चौघांनी रात्री जागावे. चौघांनी दारावर थांबून येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवावे. अशी चार-चार जणांची बारा पथके. काळ प्रतिकूल असेल, तर ही संख्या क्रमाक्रमाने कमी करता येते, हेही ग्रंथकार सांगतात. परंतु ती दोनाच्या खाली आणण्याची अनुमती मात्र नाही. एकच निर्यापक असेल तर तो स्वतःचाही त्याग करतो, रोग्याचाही करतो आणि धर्माचाही, असा इशारा त्या ग्रंथात आहे. कारण तो भिक्षेस गेला तर रोगी एकटा पडतो, आणि न गेला तर तो स्वतः क्षीण होतो.

वाचकबंधूंनो, सर्वसंगपरित्याग केलेल्या मुनीसही शास्त्राने ही सेवा एकट्याने करण्यास मना केले आहे. आणि आपण मात्र स्वयंपाक, मुलांच्या शाळा व पैपाहुणा सांभाळणाऱ्या सुनेकडून अठ्ठेचाळीस जणांचे काम एकटीने करून घेतो, आणि वर तिने हसतमुख असावे अशी अपेक्षा ठेवतो! १९५५ साली कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांची छत्तीस दिवसांची सल्लेखना झाली, तीही संघाच्या सान्निध्यात झाली. आपली परंपरा ही अशी आहे.

वैद्यकशास्त्राचा हिशेबही याहून वेगळा नाही. ज्यास स्वतः कूस पालटता येत नाही, त्याच्या पाठीस व कमरेस शय्याव्रण होऊ नयेत, म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस पालटावी, असे परिचारिका शिकवितात. म्हणजे अहोरात्रीत बारा वेळा. हे काम एकाच व्यक्तीने करावयाचे, तर तिला सलग दोन तासांहून अधिक झोप कधीच मिळणार नाही. चार आठवड्यांत तिची प्रकृती ढासळेल, आणि चिडचिड होऊन तिच्या तोंडून असा एखादा शब्द निघेल, ज्याचा पश्चात्ताप तिला जन्मभर छळील. यात तिच्या स्वभावाचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे. ज्या दुकानात एकच नोकर रात्रंदिवस गल्ला, माल आणि दार सांभाळतो, त्या दुकानाचे काय होईल, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

यावर काही बंधू म्हणतील, “आईवडिलांची सेवा हा घरचा प्रश्न, बाहेरच्यांना त्यात आणले, तर लोक काय म्हणतील?” या आक्षेपाचा आम्ही आदर करतो, कारण त्यामागे लज्जा आणि कुलाभिमान आहे. तथापि ज्या लोकांच्या बोलण्याची आपणांस भीती वाटते, त्यांपैकी किती जण रात्री दोन वाजता कूस पालटावयास येतात? दुसरे बंधू म्हणतील, “पैसे देऊन परिचारक ठेवला की झाले.” परिचारक अवश्य ठेवावा, त्यास वेळेवर वेतन, आठवड्याची सुट्टी आणि घरातील माणसासारखी वागणूक द्यावी. परंतु त्याच्यावर सारे सोपवून मोकळे होता येत नाही. स्थानांगसूत्राने सांगितलेला चित्तास धर्मात स्थिर करण्याचा भाग पुत्राचाच आहे. पुरुषांनी सेवेस हात लावावयाचा नाही, ही समजूत तर कोणत्याही शास्त्रात आम्हांस आढळली नाही. भगवती आराधनेतील ते अठ्ठेचाळीसही जण मुनीच होते.

सेवेच्या घरी धर्माचे काही पेच पडतात, त्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. वृद्ध सासऱ्यांचा आयुष्यभराचा चौविहार असतो. डॉक्टरांनी रात्री नऊची गोळी सांगितलेली असते. ते पाण्याचा पेला दूर सारतात, आणि सून पेचात पडते: गोळी दिली तर व्रतभंगाचे पाप, न दिली तर आजार वाढल्याचा दोष. अशा वेळी पहिली गोष्ट ही की, ती मात्रा सूर्यास्तापूर्वी देता येईल काय, हे डॉक्टरांस विचारावे. कित्येक औषधांच्या वेळा बदलता येतात. दुसरी ही की, पच्चक्खाणाच्या पाठातच आगार सांगितलेले असतात, आणि तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. हे सुनेने सांगून सासऱ्यांस पटणार नाही. गुरुमहाराजांस किंवा जाणत्या श्रावकास घरी बोलावून त्यांच्या मुखाने ते सांगवावे. धर्माचा निवाडा करण्याचे ओझे सेवा करणाऱ्या व्यक्तीवर टाकू नये.

तसेच सल्लेखनेचे. ती साधकाची स्वतःची, सजग चित्ताची, गुरूंच्या अनुज्ञेने घेतलेली साधना होय. घरची माणसे थकली म्हणून तिचा विषय काढणे, यासारखा अधर्म नाही. थकव्यावर उपाय विश्रांती हाच आहे.

आणि राहता राहिला संताप. सेवा करता करता राग येतो. कधी, “हे आता संपावे,” असा विचारही मनात डोकावतो, आणि मग त्या विचाराचीच भीती वाटते. सेवा करणाऱ्या भगिनींस आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, असा विचार येणे हे दुष्टपणाचे लक्षण नसून अतिश्रमाचे लक्षण आहे. शास्त्रकारांनी आर्तध्यान ओळखले, त्यास नाव दिले आणि त्यातून बाहेर येण्याचा मार्गही दाखविला. दिवसाअखेरीस प्रतिक्रमणात तो विचार स्वतःशी कबूल करावा आणि वृद्धाच्या हातावर हात ठेवून क्षमा मागावी. मात्र मनाचा भार हलका होत नसेल, झोप उडाली असेल, तर केवळ धर्मक्रियेवर न थांबता वैद्यकीय साह्य घ्यावे. शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

बाहेरची आणखीही काही साधने आहेत, ती सभासदांस ठाऊक असावीत. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. असाध्य कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी आपल्या शहरात एम. एन. जे. कर्करोग रुग्णालयात स्वतंत्र व्यवस्था आहे, आणि बंजारा हिल्सच्या रोटरी क्लबच्या न्यासाने २०११ मध्ये सुरू केलेले स्पर्श हॉस्पिस अशा रुग्णांची अखेरच्या दिवसांत विनामूल्य सेवा करते. २००७ च्या कायद्याने वृद्ध मातापित्यांस अपत्यांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला आहे. परंतु कायदा अन्न देववील, उशाशी बसणारा माणूस देववू शकणार नाही. तो समाजानेच दिला पाहिजे.

यास्तव मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही पुढील सूचना विचारार्थ ठेवतो.

(१) वेळदान. सामायिक दोन घटिकांचे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. प्रत्येक सभासद कुटुंबाने आठवड्यातून एकदा एवढा वेळ शेजारच्या एखाद्या घरी वृद्धाजवळ बसण्यास द्यावा. सात कुटुंबांनी एक-एक वार घेतला, तर त्या घरातील सेवा करणाऱ्या व्यक्तीस दररोज अठ्ठेचाळीस मिनिटे मिळतात. त्या वेळात तिने सामायिक करावे, उपाश्रयात किंवा मंदिरात जावे, नाही तर नुसते झोपावे. तिचा हिशेब कोणी मागू नये. याची नोंदवही मंडळाच्या कार्यालयात ठेवावी.

(२) साहित्यभांडार. रुग्णालयात असते तशी खाट, हवेची गादी, चाकांची खुर्ची, कमोडची खुर्ची, वॉकर या वस्तू पुष्कळ घरांत काम झाल्यावर माळ्यावर पडून आहेत. त्या मंडळाकडे द्याव्यात, आणि नाममात्र अनामतीवर गरजू घरांस मिळाव्यात.

(३) शिक्षण. वर्षातून दोनदा अनुभवी परिचारिकेस बोलावून कूस कशी पालटावी, कंबर न दुखविता माणूस कसा उचलावा, गिळण्यास त्रास होणाऱ्यास बसवून कसे भरवावे, हे शिकवावे. या वर्गास घरातील पुरुषांनी यावे, असा आमचा विशेष आग्रह आहे.

(४) दुकानाचा नियम. ज्या भागीदाराच्या घरी अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, त्याने आठवड्यातून एक दुपार घरी राहावे, आणि इतर भागीदारांनी त्यास ती आनंदाने द्यावी. हीच सवलत आपल्या गुमास्त्यांस व विक्रेत्यांसही मिळावी. त्यांचेही आईवडील वृद्ध होत आहेत.

(५) अनुमोदना. अठ्ठाई व मासखमण करणाऱ्या तपस्व्यांची आपण वाजतगाजत मिरवणूक काढतो. उपवास हे बाह्य तप. वैयावृत्त्य हे अंतरंग तप. त्याचा वरघोडा काढण्याची आवश्यकता नाही, परंतु पर्युषणात चार वडीलधाऱ्यांनी सेवेच्या घरी जाऊन वृद्धाची विचारपूस झाल्यावर सुनेकडेही वळावे, आणि, “सूनबाई, आपली प्रकृती कशी आहे?” एवढे विचारावे. या प्रश्नाचे मोल आम्हांस फार उशिरा कळले.

आमच्या मातोश्री दोन वर्षांपूर्वी नवकार ऐकत शांतपणे गेल्या. सौभाग्यवतींच्या आजारपणानंतरच्या काळात आम्ही दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी घरी राहू लागलो, आणि रात्रीच्या दोन पाळ्या आम्ही व आमच्या चिरंजीवांनी वाटून घेतल्या. तेव्हा प्रथमच आम्हांस कळले की, आईस पहाटे चारच्या सुमारास बोलावेसे वाटे, आणि ती लहानपणीच्या लातूरच्या घराविषयी बोले. पहिली दोन वर्षे ते बोलणे आमच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ते आमच्या हातून कायमचे गेले.

अठ्ठेचाळीस निर्यापक या काळात कोणास लाभणार नाहीत. परंतु दोनाच्या खाली संख्या येऊ देऊ नये, एवढे ठरविणे प्रत्येक घराच्या हाती आहे, आणि जेथे दुसरा कोणी नाही तेथे तो दुसरा पुरविणे मंडळाच्या हाती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनांवर निर्णय व्हावा, अशी आमची विनंती आहे. लिहिण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.

जय जिनेंद्र.